छत्री टाकायची की सांधायची?



रोहिणीचे ऊन उतरू लागले आणि मृगाची चाहूल लागली की घरोघरी माळ्यावरची छत्री खाली काढली जाते. उघडून पाहावी तर कुठे काडी निसटलेली, कुठे शिवण उसवलेली, कुठे कापडातून उजेड दिसतो. मोठ्या छत्र्यांचीही हीच गत. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींच्या डोक्यावर, रस्त्याच्या कडेला चपला सांधणाऱ्या कारागिराच्या डोक्यावर, रसवंतीच्या बाकड्यांवर किंवा कुणाच्या अंगणात खुर्च्यांच्या मधोमध रंगीत पट्ट्यांची जी मोठी छत्री उभी असते, ती आपल्या हिंगोलीच्या उन्हात फार काळ टिकत नाही. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, मग वावटळ येते, मग पाऊस. काही वर्षांत रंग विटतो, कापड विरते, काड्या गंजतात. मग प्रश्न येतो : ही टाकून नवी आणायची की हिलाच नीट करून घ्यायची?

वरवर पाहता हा चार पैशांचा हिशेब आहे. पण थोडा विचार केला तर कळते की हा नीतीचाही प्रश्न आहे. ज्या वस्तूने आपल्याला इतकी वर्षे सावली दिली तिचे आपण काही देणे लागतो का? ती बनवणाऱ्याचे, ती दुरुस्त करणाऱ्याचे, आणि ती टाकून दिल्यावर जिच्यावर जाऊन पडेल त्या भूमीचे काही देणे लागतो का? आपल्या भाषेत घरातला कर्ता माणूस गेला की 'छत्र हरपले' असे म्हणतात. पोपपद रिक्त असते तेव्हा व्हॅटिकनच्या चिन्हावर छत्री दिसते. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे निधन झाल्यापासून मे महिन्यात पोप लिओ चौदावे यांची निवड होईपर्यंत आपण सर्वांनी ते चिन्ह पाहिले. छत्री म्हणजे आसरा. म्हणून तिच्या निमित्ताने आज आपण या प्रश्नाचा विचार करू या.

नवे घेणे इतके सोपे का झाले?

आपल्या आजीच्या काळी हा प्रश्न पडतच नव्हता. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली जाई. वाकळ विरली की तिचे पायपुसणे होई. पितळेची भांडी कल्हईवाल्याकडे जात. शेतकरी आजही हळद वाळताना किंवा सोयाबीनच्या गंजीवर टाकायची ताडपत्री फाटली तर तिला ठिगळ लावतोच, कारण ढग दाटून आले की नवी आणायला तालुक्याला जाण्याइतका वेळ नसतो. दुरुस्ती ही तेव्हा जगण्याची रीतच होती. तिला वेगळे नाव देण्याची गरज नव्हती.

मग वस्तू स्वस्त झाल्या आणि कच्च्याही झाल्या. काही ठिकाणी त्या मुद्दाम कच्च्या केल्या गेल्या. १९२४ साली जिनेव्हा येथे विजेचे दिवे बनवणाऱ्या जगातील बड्या कंपन्यांनी आपसांत करार केला आणि दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणून ठेवले. त्याहून जास्त टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होत असे. जास्त टिकणारी वस्तू बनवण्याबद्दल दंड! यावरून आपल्या लक्षात येईल की 'आजकालच्या वस्तू टिकत नाहीत' ही केवळ म्हाताऱ्या माणसांची तक्रार नाही. अलीकडे सरकारांनाही हे जाणवू लागले आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ग्राहकाच्या 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. वस्तू घेणाऱ्याला तिचे सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती मिळावी आणि केवळ कंपनीच्याच दारात उभे राहण्याची सक्ती नसावी, हा त्यामागचा विचार.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले तेव्हा त्यांनी फेकून देण्याच्या या संस्कृतीवर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की वस्तू झटपट कचऱ्यात टाकण्याची ही सवय वस्तूंपुरती राहत नाही. जे माणूस म्हणून 'उपयोगाचे' वाटत नाहीत त्यांनाही ती बाजूला सारू लागते. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ते स्वतः रोममधील एका चष्म्याच्या दुकानात गेले. चष्म्याचा नंबर बदलला होता. फ्रेम जुनीच राहू द्या, फक्त काचा बदला, आणि त्याचे पैसे घ्या, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांना जगातील कोणतीही फ्रेम मिळाली असती त्यांनी जुनी फ्रेम ठेवली. ही गोष्ट पुढे आपल्याला छत्रीच्या बाबतीत उपयोगी पडणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवू या.

ठिगळाची लाज

पण इथे एक क्षण थांबले पाहिजे. दुरुस्तीचे गुणगान करणे सोपे आहे, आणि ज्याच्या अंगावर कधी ठिगळ नव्हते त्याला ते अधिकच सोपे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आहेत. ज्यांनी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडली त्यांनी ठिगळाचे कपडे हौसेने घातले नव्हते. गरिबीने घालायला लावलेले ठिगळ आणि स्वतःहून लावलेले ठिगळ यांत मोठे अंतर आहे. ज्या घरात पहिल्यांदा नवी कोरी छत्री आली, मुलाच्या अंगावर पहिल्यांदा नवा गणवेश आला, त्या घराच्या आनंदाला 'हव्यास' म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदार मिळणारे शिळे तुकडे सोडून देण्यास सांगितले. दुसऱ्याने टाकलेल्यावर जगायचे नाही, ताठ मानेने जगायचे, हा त्यामागचा स्वाभिमान होता. मग काही जण विचारतील, शुभवर्तमानात तर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो! त्याचे काय?

योहानच्या सहाव्या अध्यायातील तो प्रसंग नीट पाहू या. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर हजारो लोक जेवले. आधी सर्वांची पोटे भरली. मग तुकडे गोळा केले, बारा टोपल्या भरल्या. ते कुणापुढे फेकलेले उष्टे नव्हते. देवाने भरभरून दिलेल्या अन्नातले ते उरलेले होते, आणि ते गोळा करायला प्रभूने दुसऱ्या कुणाला नव्हे, आपल्या शिष्यांनाच वाकायला लावले. म्हणजे काहीही वाया जाऊ नये ही शिकवण भरलेल्या पोटाला आहे. उपाशी माणसाला ती ऐकवायची नसते.

यातून पहिला नियम निघतो. दुरुस्तीचा उपदेश प्रथम स्वतःला करावा, आणि तोही ज्याला नवे परवडते त्याने. आपण नवी छत्री घ्यायची आणि आपली मोडकी छत्री 'गरिबाला होईल' म्हणून कामवाल्या बाईंच्या हाती द्यायची, याला दान म्हणत नाहीत. द्यायचीच असेल तर काडी बसवून, शिवण घालून, धुऊन द्यावी. जी वस्तू आपण आपल्या पाहुण्यापुढे ठेवणार नाही ती प्रभूच्या लहानग्या भावंडांपुढे कशी ठेवावी?

साधेपणा मिरवण्याचाही मोह असतो. यहोशवाच्या पुस्तकात गिबोनच्या लोकांची गोष्ट आहे. ते मुद्दाम झिजलेली, ठिगळ लावलेली पायताणे घालून आणि फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले घेऊन इस्राएल लोकांकडे आले. आपण फार लांबून आलो आहोत असे भासवायचे होते. ठिगळही खोटे बोलू शकते! तेव्हा जुनी छत्री वापरली म्हणून कुणी पुण्यवान होत नाही. प्रश्न छत्री जुनी की नवी हा नाही, आपण तिच्याकडे खरेपणाने पाहतो का हा आहे.

प्रभूचा ठिगळाचा दाखला

येथे शुभवर्तमानातला आणखी एक दाखला आडवा येतो. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो सांगितला आहे. जुन्या वस्त्राला कोऱ्या, न आटलेल्या कापडाचे ठिगळ कुणी लावत नाही. तसे केले तर ठिगळ आटते, जुने वस्त्र ओढले जाते आणि भोक अधिकच मोठे होते. मग प्रभू दुरुस्तीच्या विरुद्ध आहे का?

तसे नाही. हा दाखला सांगताना प्रभू आपल्यासोबत आलेल्या नव्या जीवनाविषयी बोलत होता, ते जुन्या चौकटीत कोंबता येणार नाही एवढे त्याला सांगायचे होते. पण दाखला मात्र अशा घरातला आहे जिथे ठिगळे लावली जात होती. नाझरेथच्या सुताराच्या घरात कोणते कापड आटते आणि कोणते ओढ सहन करते याची माहिती होती. ठिगळ लावूच नका असे त्या दाखल्यात कुठे नाही. कुठल्या कापडाला कुठले ठिगळ धरेल ते आधी पाहा, हे शहाणपण त्यात गृहीत आहे.

छत्री दुरुस्त करणाराही नेमके हेच करतो. तो आधी छत्री पूर्ण उघडतो आणि आतून उजेडाकडे धरतो. जिथे भोक आहे तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. मग कापड दोन चिमटीत धरून हलकेच ताणतो. कापडात जीव असेल तर ते ताण घेते. उन्हाने ते जळून गेले असेल तर कागदासारखे फाटते. अशा कापडाला कितीही चांगले ठिगळ लावा, शिवणीच्या कडेनेच ते पुन्हा फाटणार. तिथे ठिगळाचा हट्ट म्हणजे वेळेचा आणि दोऱ्याचा नाश. पण म्हणून सबंध छत्री टाकायची का? दांडा सरळ आहे, काड्या शाबूत आहेत, तर कापड तेवढे बदलावे. पोप महाशयांच्या चष्म्याची फ्रेम आणि काचा, तसेच हे. छत्रीचा सांगाडा तर मुळात टिकण्यासाठीच असतो. १८५२ साली इंग्लंडमध्ये सॅम्युएल फॉक्स यांनी पन्हळीसारख्या आकाराच्या पोलादी काड्या बनवल्या, तेव्हापासून छत्री हलकीही झाली आणि मजबूतही.

बहुतेक वेळा तर कापडही शाबूत असते, फक्त शिवण गेलेली असते. सुती दोरा ऊन-पावसाने कुजतो. त्याऐवजी पॉलिएस्टरचा दोरा घेऊन पुन्हा दुहेरी शिवण घातली की काम होते. शिवणीवर मेण घासले की सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही. ठिगळ आतल्या बाजूने, भोकापेक्षा चांगले मोठे आणि कोपरे गोल कापून लावावे, कारण टोकदार कोपरा लवकर उचलला जातो. गंजलेला लोखंडी दांडा पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन मग तेलरंग लावावा. लाकडी दांडा असेल तर आपल्या भागात मिळणारे जवसाचे तेल चोळावे. मोठ्या छत्रीची वर ओढायची दोरी झिजली असेल तर ती वेळीच बदलावी. कापड साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावे, आणि छत्री उघडी ठेवूनच सावलीत पूर्ण वाळवावी. ओली छत्री मिटून ठेवली की बुरशी धरते. रंग विटला असेल तर सुती कापडाला पुन्हा रंग चढवता येतो, पॉलिएस्टरला मात्र साधा रंग धरत नाही. ज्यांना हवे त्यांनी नव्या रंगाचे कापडच चढवावे. आणि काम झाले की छत्री मिटावी. वारा सुटल्यावर उघडी राहिलेली मोठी छत्री उलटून काड्या मोडते.

यात विशेष असे काही नाही. पण प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते, ती म्हणजे नीट पाहणे. घाईने फेकून देणारा पाहत नाही आणि हट्टाने ठिगळ लावत बसणाराही पाहत नाही. एकाला नव्याचा मोह असतो, दुसऱ्याला जुन्याचा. काय संपले आहे आणि काय अजून शाबूत आहे हे जो प्रामाणिकपणे पाहतो तोच खऱ्या अर्थाने दुरुस्ती करतो. मोडलेल्याविषयी खरे बोलणे आणि उरलेल्याविषयी कृतज्ञ असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की दुरुस्ती हा सद्गुण होतो.

अर्थात काही वस्तू सांधूच नयेत. गॅसची तडकलेली रबरी नळी किंवा इस्त्रीची उघडी पडलेली वायर चिकटपट्टी लावून वापरणे म्हणजे काटकसर नव्हे, ते घरच्यांच्या जिवाशी खेळणे आहे. नीट पाहणे याचा अर्थ 'आता हे पुरे' असे म्हणता येणे, हाही आहे.

सुई-दोऱ्याचे संत

दुरुस्तीच्या प्रश्नात दुसरा माणूसही असतो, तो म्हणजे कारागीर. आपल्याच जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव महाराज शिंपी कुळातले. सुई, दोरा आणि कात्री ही शिंप्याची हत्यारे त्यांच्या काव्यात भक्तीच्या खुणा होऊन येतात. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही असाच एक मोठा कारागीर आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये आपण वाचतो की संत पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवण्याचे काम करीत असे. तंबू म्हणजे तरी काय, माणसाच्या डोक्यावरचे शिवलेले छत्रच. ज्या हाताने रोमकरांस पत्र लिहून घेतले गेले त्या हाताला जाड कापडात सुई घालून पडलेले घट्टेही असतील.

प्रभूने याकोब आणि योहान या जब्दीच्या पुत्रांना बोलावले तेव्हा ते तारवात बसून काय करीत होते? जाळी नीट करीत होते. गंमत अशी की जाळी नीट करणे यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच संत पौल गलतीकरांस लिहिताना वापरतो. कुणी बंधू चुकीच्या वाटेला गेला तर त्याला सौम्यपणे पुन्हा ठिकाणावर आणा, असे तो सांगतो तेव्हा तेच क्रियापद येते. जाळे सांधणे आणि माणूस सावरणे यांसाठी एकच शब्द!

म्हणून छत्री सांधणाऱ्याशी आपण कसे बोलतो हेही तपासले पाहिजे. "अहो, एवढ्यात तर नवी येते!" असे म्हणून आपण त्याची मजुरी पाडतो. नवी छत्री स्वस्त असते कारण ती बनवणारा हात आपल्याला दिसत नाही, त्याच्याशी घासाघीस करण्याची वेळ आपल्यावर येत नाही. दिसतो तो आपल्यासमोर फुटपाथवर बसलेला माणूस, आणि सगळी काटकसर आपण त्याच्यावरच करतो. मजुराची अडवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असा इशारा संत याकोबाच्या पत्रात आहे. दुरुस्तीची मजुरी नव्याच्या किमतीशी ताडून पाहू नये. त्या माणसाच्या वेळेशी आणि कसबाशी ताडावी. हे कसब एकदा गावातून गेले की परत येत नाही. कल्हईवाला बहुतेक गावांतून गेलाच आहे.

आणि टाकलेली छत्री जाते कुठे? लोखंड भंगारात जाईल. पॉलिएस्टरचे कापड मात्र कुजत नाही. ते नाल्याच्या काठी वर्षानुवर्षे पडून राहते, किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर जळते आणि त्याचा धूर जवळच्या वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो. आपण 'फेकून दिली' म्हणतो, पण देवाच्या सृष्टीत 'फेकून' देण्यासाठी अशी बाहेरची जागा नाही. जे टाकू ते कुणाच्या तरी अंगणात पडते, आणि बहुधा ते अंगण गरिबाचेच असते.

वस्तूंकडून माणसांकडे

असिसीचे संत फ्रान्सिस सन १२०६ च्या सुमारास सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये प्रार्थना करीत असताना त्यांना आपले मोडकळीस आलेले घर दुरुस्त करण्याची प्रभूची हाक ऐकू आली. त्यांनी ती अक्षरशः घेतली. दगड वाहून आणले आणि भिंती बांधू लागले. त्या हाकेचा मोठा अर्थ त्यांना पुढे कळला. पण दगड-मातीच्या कामाने त्यांच्या हाताला वळण लावले होते. लहान वस्तूंची दुरुस्ती आपल्यालाही असेच वळण लावते.

आपली श्रद्धाही यावरच उभी आहे. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. नंतर आपण कितीही पापे केली तरी ख्रिस्तसभा आपल्याला दुसरा बाप्तिस्मा देत नाही, आणि पहिला रद्द झाला असेही म्हणत नाही. ती आपल्याला प्रायश्चित्त संस्काराकडे बोलावते. तिथे आपण आपले वस्त्र उजेडाकडे धरतो, कुठे भोक पडले आहे ते आपल्या तोंडाने सांगतो, आणि देव ते सांधतो. देवाने माणसाला कधी बदलून नवा माणूस आणला नाही. आदामापासून तो सांधतच आला आहे. ज्याला आपणच असे पुन्हा पुन्हा सांधून मिळालो आहोत, त्याने एका काडीसाठी छत्री फेकावी हे शोभत नाही.

पण वस्तूंवरून माणसांकडे येताना जपून पाऊल टाकले पाहिजे. 'सांधून घ्या' हा उपदेश कधी कधी चुकीच्या माणसाला केला जातो. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बहिणीला 'संसार आहे, जोडून घे' असे सांगणे हा दुरुस्तीचा उपदेश नाही. मोडणारा हात एकाचा आणि सांधण्याचे ओझे दुसऱ्यावर, हा अन्याय आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या उपदेशपत्रात स्पष्ट म्हटले आहे की जोडीदाराचे किंवा मुलांचे हिंसेपासून रक्षण करण्यासाठी काही वेळा वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. ज्याने मोडले त्याने आधी ते मान्य करावे, मग सांधण्याची भाषा करावी. इथेही नियम तोच : आधी नीट पाहा, जे आहे ते खरे बोला.

उलट जिथे केवळ कंटाळ्यापोटी किंवा अहंकारापोटी माणसे टाकली जातात तिथे मात्र आपला हात सुईकडे गेला पाहिजे. बांधावरून बोलणे बंद झालेले दोन भाऊ असतील. ऐकू कमी येते म्हणून घरातल्या बोलण्यातून वगळलेले आजोबा असतील. एका रविवारच्या वादानंतर मिस्साला येणे सोडलेले एखादे कुटुंब असेल. यांचे कापड विरलेले नसते, एखादी शिवण तेवढी उसवलेली असते. शिवण उसवली तेव्हाच दोन टाके घातले तर बरे. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपले जुने लोक म्हणत ते उगीच नव्हे.

पाऊस येण्याआधी

तर मग आपण काय करावे? फार मोठे काही नको. पाऊस सुरू होण्याआधी घरातली एक मोडकी वस्तू आपण उजेडात धरून पाहू या. छत्री असेल, दप्तराची चेन असेल, खुर्चीचा पाय असेल. काय गेले आहे आणि काय शाबूत आहे ते आधी पाहू या. होण्यासारखे असेल तर दुरुस्त करून घेऊ या आणि कारागिराने मागितलेले पैसे न कुरकुरता देऊ या. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून काडी कशी बसवतात ते दाखवू या. ज्या वस्तूचा खरोखरच शेवट झाला असेल तिला कृतज्ञतेने निरोप देऊ या. नवी घ्यावी लागली तर टिकेल अशी आणि जिची दुरुस्ती होईल अशीच घेऊ या.

आणि बाजारात जाऊ तेव्हा वर पाहू या. ज्या मावशींकडून आपण वर्षानुवर्षे मेथी-कोथिंबीर घेतो त्यांच्या डोक्यावरची छत्री फाटली असेल, तर आपल्यातील दोन-चार घरांनी मिळून तिला नवे कापड चढवून देता येईल. मात्र आधी त्यांना विचारू या. त्यांना काय हवे ते त्या सांगतील : ठिगळ, नवे कापड, की पूर्ण नवी छत्री. कदाचित त्या म्हणतील, छत्री राहू द्या, भाजीच्या भावात घासाघीस तेवढी करू नका. तेही ऐकण्याची आपली तयारी असावी.

जो आपल्याला टाकून न देता दररोज सांधतो, तो प्रभू आपल्या हातांना पाहण्याचा धीर आणि सांधण्याचे कसब देवो, आणि त्याच्या कृपेचे छत्र आपल्या सर्व कुटुंबांवर राहो. आमेन.